दोन लिटरचा टेबलटॉप ग्राइंडर, दोन चवथी वापरून

बांगड्याच्या हुमणाचं, म्हणजे नारळ घातलेल्या माशाच्या आमटीचं, वाटण चिमटीत धरून चोळलं तर कण लागता कामा नये. आणि मिक्सरमधून निघतं तसं ते फेसाळ, पांढुरकंही दिसता कामा नये. ही परीक्षा माझी नाही, माझ्या सासूबाईंची. घरात आणि वाड्यावर सगळे त्यांना माई म्हणायचे. वाटण जमलं की बिघडलं हे ठरवायला माझ्याकडे त्यांच्याशिवाय दुसरं माप नाही, त्यामुळे हा ग्राइंडर कसा आहे हे सांगताना माई मध्ये मध्ये येत राहतील.

खरेदी जुलै २०२४ ची, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दीड महिना असताना, गोव्यात फोंड्याच्या बाजारातून. दोन लिटरचं स्टीलचं भांडं, त्याच्या तळाला दगडी चकती, वर दोन शंकूच्या आकाराचे दगड, १५० वॉटची मोटर. किंमत सहा हजारांच्या थोडी आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला आलेली अडचण माझ्याच नगाची असू शकते, आणि दुकानात शेजारी ठेवलेले दुसऱ्या कंपन्यांचे ग्राइंडर उघडून पाहिले तर आतली रचना जवळजवळ तीच होती. ही यंत्रं मुख्यतः कोइमतूरकडून येतात. तिथल्या वेट ग्राइंडरला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकनही आहे. इडली-डोशासाठी ती बनलेली आहेत, आणि माहितीपुस्तिकेत सगळं पिठाबद्दलच आहे. आपल्या नारळाच्या वाटणाबद्दल एक ओळ नाही. म्हणूनच हे लिहायला घेतलं.

मी मूळची सावंतवाडीची. १९९४ साली लग्न होऊन म्हार्दोळला आले. माहेरी पाटा-वरवंटा होता. इथे राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या चौकाच्या, कोपऱ्यात ओट्यात बसवलेला रगडा. पहिल्या सकाळी मला जाग आली ती त्या रगड्याच्या आवाजाने. दगडावर दगड, मध्ये थांबून हाताने वाटण सारल्याची एक ओली सपक, पुन्हा दगड. माई पहाटे साडेपाचला बसायच्या. घरात तेव्हा आम्ही चौदा माणसं. रोज दोन नारळ, सोमवारी आणि एकादशीला वेगळं, चवथीत तर मोजदाद नाही.

माईंचं माहेर डिचोली तालुक्यातलं साळ. जन्म १९३८ चा. वडिलांनी गावातल्या खाजगी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकवलं होतं, पोर्तुगीज राज्यात मुलीला एवढं शिकवणारे थोडे. बोलणं सगळं कोंकणीत, वाचणं सगळं मराठीत. जेवणं आटपली की दुपारी आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र घेऊन खांबाला टेकायच्या आणि निधनवार्तांपर्यंत सगळं वाचायच्या. लग्न १९५६ ला. म्हणजे नाकेबंदीची वर्षं. भारताची हद्द बंद, बाजारात हॉलंडचे बटाटे. ते बटाटे त्यांना कधी आवडले नाहीत. नारळ मात्र आपल्याच कुळागरातले, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतले, होते, म्हणून पानात आमटी तरी राहिली, असं सांगायच्या.

सासरे १९७९ साली गेले, तेव्हा माई एक्केचाळीसच्या. चार मुलं. चवथीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या), लाडवांच्या ऑर्डरी घेऊन आणि कुळागरातली सुपारी विकून त्यांनी चौघांना शिकवलं. धाकट्या दिरांना फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली तेव्हा पाटल्या गहाण पडल्या. त्या सोडवून आणल्या पण पुन्हा हातात घातल्या नाहीत. माझ्या लग्नात त्याच माझ्या हातात आल्या. आज हे लिहितानाही हातात आहेत, फक्त ग्राइंडरचं भांडं धुताना काढून ठेवते.

तर ग्राइंडर.

नव्या दगडांची कच पहिल्या वाटणांत उतरते. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे आधी नुसतं पाणी घालून दहा मिनिटं फिरवला, मग भिजवलेले तांदूळ दोनदा वाटून टाकून दिले. तरी पाणी राखाडी दिसलं म्हणून तिसऱ्यांदा वाटले. हे टाळू नका. पाव किलो तांदूळ वाया गेले तरी चालतील, पण पहिल्याच हुमणात दाताखाली कच आली तर घरातली माणसं पुन्हा यंत्राचं नाव काढू देणार नाहीत. रगड्यालाही हेच होतं. वर्षातून एकदा, पाऊस लागण्याआधी, टाकी लावणारा यायचा. गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने बारीक खाचे पाडून जायचा, आणि माई त्या संध्याकाळी जुने तांदूळ वाटून माडाच्या मुळाशी ओतायच्या.

आता मुख्य गोष्ट, नारळाचं वाटण. पहिल्या दिवशी मी मिक्सरच्या सवयीने सगळं एकदम घातलं आणि फसले. सोय, म्हणजे खवलेला नारळ, दगडाखाली जाईना, भांड्याच्या कडेला चिकटून बसली, मिरच्यांची सालं तशीच तरंगत राहिली. वीस मिनिटं मी लाकडी उलथण्याने कडा खरवडत होते. मग आठवलं, माई रगड्यावर काय करायच्या. “पयलीं मिरसांग, मागीर सोय.” आधी भिजवलेल्या मिरच्या, धणे, मिरी, हळद आणि चिंच, वर दोन-तीन चमचे पाणी. मिरच्यांचं साल पूर्ण मोडलं, धण्यांचा कण गेला, की मग सोय मुठीमुठीने, आधीची मूठ आत ओढली गेल्यावर पुढची. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. सहा-सात मिनिटांत मिरची मोडली, पुढच्या दहा-बारा मिनिटांत एका नारळाचं वाटण तयार. चिमटीत धरून चोळलं. कण नव्हता. रंग मिरचीचा होता, नारळाचा नव्हता.

त्याचं कारण सरळ आहे. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेऱ्या मारतं. ते कापतं आणि तापवतं. तापलं की नारळाचा स्निग्धांश सुटतो, वाटण फेसाळतं, आणि चुलीवर चढवल्यावर हुमण लवकर फुटतं. ग्राइंडरचं भांडं मिनिटाला शे-दीडशे फेऱ्यांच्या आसपास फिरतं, दगड कापत नाहीत, चिरडतात. वीस मिनिटांनंतरही वाटणाला हात लावला तर गार असतं. पाणी कमी लागतं, म्हणून रस दाट राहतो. तिरफळं मात्र यात घालू नका. ती बिया काढून नुसती ठेचून शेवटी हुमणात सोडायची असतात. वाटली तर सगळं कडू होतं. हे गोव्यातल्या कुणाला सांगायला नको, पण माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या सुना वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

काणकोणच्या खोल्याच्या मिरचीवर आणि बेडगीवर दोन्हींवर करून पाहिलं. दोन्हींचं साल नीट मोडतं, फक्त अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायला विसरू नका. सुकी मिरची घातली तर दगड नुसते उड्या मारतात.

उडदाचं पीठ उत्तम होतं, त्यात नवल नाही, त्याच कामाचं यंत्र आहे. पाव किलो डाळ पंचवीस मिनिटांत फुगून वर येते. पातोळ्यांसाठी तांदूळ वाटताना एक खूण सांगते: पीठ बोटावर घेऊन हळदीच्या पानावर ओढलं की पानाच्या शिरा त्यातून दिसल्या पाहिजेत. पाणी एकदम ओतलं तर ते पातळ होतं आणि पुन्हा दाट करता येत नाही. खतखत्याच्या (मिश्र भाज्यांच्या आमटीच्या) वाटणाला तर मी आता मिक्सरकडे बघतही नाही.

अर्ध्या नारळाच्या खाली मात्र या यंत्राचा उपयोग नाही. वाटण दगडांना पुरत नाही, नुसतं कडेला पसरतं. दोन माणसांच्या घराला रोजच्या आमटीसाठी हा घेऊ नका. आमच्याकडे आता रोज पाचच पानं असतात, मी दोन दिवसांचं वाटण एकदम करून एक भाग फ्रीजमध्ये ठेवते. माईंना शिळं वाटण चाललं नसतं, हे मला ठाऊक आहे, आणि तरी ठेवते.

धुणं कंटाळवाणं आहे. दगडांच्या दांड्याशी, जिथे तो आडवा गज बसतो, तिथे वाटण अडकतं आणि नीट घासलं नाही तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. जुना दात घासायचा ब्रश त्यासाठीच ठेवला आहे. सगळं यंत्र उचलायला जड आहे, दगडांसकट भांडं एका हाताने उचलायचा प्रयत्न करू नका. ओट्यावर एक कायमची जागा द्यावी लागते. सोबत नारळ खवणारा जोड आला होता. तो करवंटीपर्यंत जातो आणि तपकिरी सालही काढतो, मग सोलकढीचा रंग मळकट येतो. आमच्याकडे नारळ अजून आदोळीवरच, म्हणजे विळीवरच, खवला जातो. कणीक मळायचा जोड मी खोक्यातून काढलेलाच नाही. आणि जून-जुलैत वीज गेली की यंत्र म्हणजे नुसता दगड. वाटण सकाळी लवकर उरका.

पहिल्या डिसेंबरात पट्टा सैल झाला. मोटर चालू, भांडं थांबलेलं, रबराचा जळका वास. वॉरंटी होती. सेवा केंद्राने तीन वेळा तारीख दिली, तीनदा चुकवली, अठराव्या दिवशी मुलगा आला आणि दहा मिनिटांत नवा पट्टा घालून गेला. त्याने घालायची रीत दाखवली, एक जादा पट्टा मी शंभर-दीडशेत घेऊन ठेवला आहे. तुम्हीही यंत्राबरोबरच घ्या. तो मुलगा कामाला चांगला होता. तारखा देणाऱ्यांनी मात्र निदान फोन तरी उचलायला हवा होता.

त्या अठरा दिवसांत दोनदा मी रगड्यावर बसले. मी तेव्हा चोपन्न वर्षांची. अर्धा नारळ वाटला आणि दंडात गोळे आले, रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. दुसऱ्या वेळी निम्म्यातच उठले आणि राहिलेलं मिक्सरला लावलं. माई ७३ व्या वर्षापर्यंत रोज बसत होत्या. म्हाळाच्या दिवसांत, २०११ साली, एका सकाळी त्यांना देवापुढची समई लावायला हात वर नेता येईना. सून समोर दिसली म्हणून डाव्या हाताने लावली आणि काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी खांदा पाहून सांगितलं, ही एका दिवसाची गोष्ट नाही, वर्षानुवर्षांची झीज आहे, रगडा बंद. तेव्हा बंद झाला.

आणि इथे मला कांपालचं ते प्रदर्शन सांगायचं आहे, कारण ते सांगितल्याशिवाय या यंत्राबद्दल मी लिहिलेलं अर्धं राहील.

२००७ साल असावं. पणजीत कांपालच्या मैदानावर घरगुती वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं, आम्ही सगळे गाडी करून गेलो होतो. एका मांडवात टेबलावर असाच ग्राइंडर चालू ठेवला होता, भांड्यात पाणी आणि थोडे तांदूळ. माई तिथे थांबल्या. आम्ही पुढे गेलो, मग मागे वळून पाहिलं तर त्या तिथेच. विक्रेत्याने यंत्र बंद केल्यावर त्यांनी भांड्यात हात घातला, दगडावर तळवा फिरवला, अगदी टाकी बघतात तसा, आणि विचारलं, “हें आपशींच घुंवता?” म्हणजे, हे आपोआपच फिरतं? तो हो म्हणाला. त्यांनी किंमत विचारली. साडेतीन हजार की असं काहीतरी. तेवढ्यात मोठे दीर आले आणि म्हणाले, “माई, रगड्याची रुच हाका येवची ना.” सगळे हसले. मीही म्हणाले, “आपल्या घरी रगडा आहे की, माई. तुमच्या हातची चव या डब्याला कुठली येणार?” मी ते प्रेमानेच म्हटलं होतं. माईही हसल्या, पदराला हात पुसला आणि आमच्याबरोबर चालू लागल्या.

उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी एका वस्तूची किंमत विचारलेली मी पाहिली ती ती एकदाच. आम्ही त्यांच्या वाटणाची इतकी वर्षं तारीफ केली, पाहुण्यांपुढे केली, मुलांनी शाळेच्या निबंधात केली, आणि त्या तारिफेनेच त्यांना रगड्यासमोर बसवून ठेवलं. साडेतीन हजार आमच्याकडे तेव्हा होते. घरात दोन नोकऱ्या होत्या, माझी शाळेची एक. ते वाटण माझ्या हातांनी व्हायला हवं होतं, किंवा या यंत्राने. दोन्ही झालं नाही. पुढे मिक्सरच्या वाटणाचं हुमण खाताना दीर कुरकुर करायचे, तेव्हा माई त्यांना म्हणायच्या, “पोट भरलें न्हय?” स्वतः त्या चवीबद्दल एक शब्द कधी बोलल्या नाहीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये माई गेल्या, घरातच, ८५ व्या वर्षी. वर्षश्राद्ध झालं आणि त्या जुलैत मी ग्राइंडर आणला. घरात कुणाला विचारलं नाही.

पहिलं नीट जमलेलं हुमण वाढलं तेव्हा मोठ्या दिरांनी दोन घास घेतले आणि विचारलं, रगड्यावर वाटलंस? मी म्हटलं, नाही, यंत्रावर. ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माईन विचारिल्लें न्ही, पणजेंत.” म्हणजे त्यांनाही आठवत होतं. सतरा वर्षं आम्ही दोघांनी ते एकमेकांना सांगितलं नव्हतं.

चव तीच आहे का, असं मुलगी पुण्याहून फोनवर विचारते. माझं प्रामाणिक उत्तर: वाटण तेच आहे. हुमण थोडं वेगळं आहे, कारण माई चिंच किती घ्यायच्या ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. त्या चिंच मोजत नसत, बांगडा किती ताजा आहे ते बघून घेत. तो दोष ग्राइंडरचा नाही. दहापैकी नऊ वेळा आमच्या घरात फरक ओळखता येणार नाही, आणि ओळखू आला तरी आता कुणी म्हणून दाखवत नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक गुण पट्ट्यासाठी आणि त्या अठरा दिवसांसाठी कापला. ज्या घरात रोज एक नारळ तरी वाटला जातो, त्या घराने घ्यावा, आणि वाटणाऱ्या बाईला दुकानात बरोबर न्यावं. भांडं तिला उचलून बघू द्या, दगडावर हात फिरवून बघू द्या, झाकण काढायला जमतं का ते बघा. घरात वय झालेलं कुणी अजून रगड्यावर किंवा पाट्यावर बसत असेल, तर चवीचा विचार करत थांबू नका. या महिन्यात घ्या.

यंदा म्हाळाला जाऊबाई म्हणाल्या, निदान माईंच्या पानाचं वाटण तरी रगड्यावर करूया, त्यांचा रगडा आहे. रगडा अजून आहे, राजांगणात, आम्ही त्यावर तुळशीची रोपं ठेवतो. मी म्हटलं, नको, माईंचं पान यंत्रावरच्याच वाटणाचं. त्यांनी ते विचारलं होतं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी जाऊन बटण दाबलं. वड्यांचे उडीद आधी, मग खतखत्यासाठी चार नारळ, तीन खेपांत. भांडं फिरत होतं तोवर आम्ही दोघींनी अळू चिरलं आणि खीर केली. साडेअकराला चुली मोकळ्या होत्या.

माई पुरुष आणि मुलं जेवून उठल्याशिवाय कधी पानावर बसल्या नाहीत. माझ्या २९ वर्षांत एकदाही नाही. “पयलीं तुमी जेवात, मागीर हांव.” त्या दिवशी कावळ्याचं पान ठेवून आलो, दिरांनी अकरा पानं मांडली, आणि जाऊबाई आणि मी पहिल्या पंक्तीला बसलो.